बॉट पकडणाऱ्या मुलाला कोणत्या लाइनला घालावं?

बार्शीच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. लिहितात: ‘मुलगा बारावी सायन्सला आहे, सीईटी तोंडावर आली आहे. रात्री जेवणं झाली की ओल्ड स्कूल रूनस्केप नावाचा गेम लावतो. खेळतो असंही नाही, एका जागी उभा राहून बाकीच्यांकडे बघतो आणि वहीत नावं उतरवतो. म्हणतो, यातली कितीतरी खाती माणसं चालवतच नाहीत, ते बॉट आहेत, मी पकडून कंपनीला कळवतो, याची नोकरी असते. एकदा स्वतःच तसा बॉट लिहून बघितला, हेही कबूल केलं. त्याचे मामा गेमिंगचा साडेचार लाखांचा डिप्लोमा सुचवताहेत. अशी नोकरी खरंच असते का? आणि बॉट लिहिला तो गुन्हा तर नाही ना?’

ताई, नोकरी असते. पण तुमचा मुलगा जे करतोय त्यातला निम्मा भागच त्या नोकरीत मोलाचा आहे, आणि तो निम्मा कोणता हे त्याला अजून कळलेलं नाही.

आधी तो काय बघतो ते सांगतो. या गेममध्ये तासन्‌तास झाडं तोडायची, मासे पकडायचे, त्यातून सोनं साठवायचं. हे खोटं सोनं बाहेर खऱ्या पैशांना विकलं जातं. म्हणून कुणीतरी शेकडो खाती उघडतं आणि प्रोग्रामला कामाला जुंपतं. त्याला ना झोप, ना जेवण. सोनं स्वस्त होतं आणि प्रामाणिकपणे खेळणाऱ्याच्या मेहनतीला किंमत उरत नाही. गेम बनवणारी जॅगेक्स ही केंब्रिजची कंपनी वीसेक वर्षं याच्याशी झुंजते आहे. मूळ रूनस्केपमध्ये २००७ च्या अखेरीस तिने खेळाडूंमधला मोकळा व्यवहारच बंद केला. विकणाऱ्यांची कोंडी झाली, पण साधे खेळाडूही वैतागले. शेवटी मतदान घेऊन फेब्रुवारी २०११ मध्ये व्यवहार पुन्हा खुला केला, बॉट पुन्हा बोकाळले आणि त्याच ऑक्टोबरात कंपनीला एका दणक्यात लाखो खाती बंद करावी लागली.

तुमच्या मुलाला बाहेरून दिसतं ते फार थोडं. या गेमचा सर्व्हर ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो. खेळाडूने मधे कधीही क्लिक केलं तरी पात्र हलतं ते ठोक्यावरच. त्यामुळे क्लिक नेमकं कधी झालं, माउस कोणत्या वाटेने गेला, हे शेजारी उभ्या असलेल्याला कळायचा मार्ग नाही. ते कळलं तर कंपनीलाच. आणि खरी गंमत तिथे आहे. माणसाच्या दोन क्लिकमधलं अंतर बहुतेक वेळा थोडं असतं, पण मधेच आई हाक मारते, फोन वाजतो, की ते एकदम लांबतं. आलेख काढला तर एका बाजूला उंचवटा आणि मागे लांब शेपूट. नवशिका बॉट लिहिणारा हुशारी म्हणून ‘एक ते तीन सेकंदांत कधीही’ असं अंतर घालतो. त्याचा आलेख पाटासारखा सपाट येतो, आणि तिथेच तो सापडतो. मुरलेला बॉटवाला आलेखही माणसासारखा करतो. मग मोजावं लागतं की हा खेळाडू कालच्या स्वतःचीच नक्कल आज किती करतोय. लिनिज, आयॉन, ब्लेड अँड सोल या गेमच्या खऱ्या नोंदींवर कोरियातल्या संशोधकांनी हेच मोजलं, तो शोधनिबंध २०१६ चा आहे. एवढ्यावरही नाही जमलं, तर सोनं शेवटी कुणाच्या खात्यात जमा होतं त्याचा माग काढायचा.

आता वहीबद्दल. त्याला एक प्रश्न विचारा: ‘यातली किती नावं चुकीची होती?’ बहुधा उत्तर येणार नाही. त्याच्या गेममध्ये हिरव्या ड्रॅगनांना तासन्‌तास मारत बसणारी बरीच खाती २०१७ च्या सुमारास व्हेनेझुएलाच्या माणसांची होती. तिथे चलन कोसळलेलं, पगारात घर चालेना, म्हणून लोक दिवसभर हे काम करून सोनं विकत. तेही गेमच्या नियमाविरुद्धच, पण बॉट म्हणाल तर ती हाडामांसाची माणसं होती. वहीत मात्र ती बॉट म्हणूनच चढली असती, कारण वागणं हुबेहूब तेच.

हे गणित त्याला स्वतःला करू द्या. एक लाख खेळाडू धरा, त्यात २ टक्के म्हणजे २,००० बॉट. पकडणारा प्रोग्राम शंभरातले ९५ बॉट ओळखतो आणि शंभर माणसांत फक्त एकाला चुकून बॉट ठरवतो. ऐकायला झकास! बॉट सापडले १,९००. माणसं ९८,०००, त्यातली ९८० नाहक अडकली. म्हणजे बंद झालेल्या २,८८० खात्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा निरपराध. लॉस्ट आर्क या गेममध्ये अ‍ॅमेझॉनने मार्च २०२२ मध्ये दहा लाखांहून अधिक बॉट खाती बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हा वाहवा झाली. जानेवारी २०२३ मध्ये अशाच मोहिमेत बरेच दिवस न खेळलेली भल्या माणसांची खातीही बंद झाली, आणि कंपनीला माफी मागून ती सोडवावी लागली. बॉट सगळेच पकडतात हो. पगार मिळतो तो हे ९८० कमी करण्याचा.

म्हणून लाइन म्हणाल तर संख्याशास्त्र. मामांनी राग मानू नये, पण गेमिंगच्या डिप्लोम्यात चित्रं, पात्रं, लेव्हल डिझाइन शिकवतात. ते वेगळं काम आहे आणि या मुलाला त्यात रस असल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. साडेचार लाख ठेवा जपून. पुण्यात फर्ग्युसन किंवा एस. पी. कॉलेजला बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स होतं. गणित पक्कं असेल तर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.ची परीक्षा द्यावी, ती अवघड असते हे आधीच सांगून ठेवतो. सीईटीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं तरी उत्तम. मग आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. डेटा सायन्स जोडीला करता येतो, पण दोन्ही झेपेल का हे पहिल्या सत्रानंतरच ठरवा.

फक्त गेममध्येच काम हवं, असा हट्ट धरला तर भारतात जागा कमी आहेत. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, बाकी हैदराबाद, बंगळुरू. रमी-पोकरसारख्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली, त्यामुळे ती दारं मिटली. पण हेच काम दुसऱ्या नावाने सगळीकडे आहे. गणपतीला कोकणकन्याचं तत्काळ तिकीट काढायला बसा, पाच मिनिटांत खेळ खलास. त्यात बॉटचा वाटा मोठा होता. रेल्वेने २०२५ मध्ये अडीच कोटींहून अधिक आयआरसीटीसी खाती बंद केली आणि १ जुलैपासून ऑनलाइन तत्काळला आधार लागू केलं. बँकांत फसवणुकीचा पैसा फिरवणारी म्यूल खाती शोधायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाचं साधन आणलं आहे. जाहिरातींत फ्रॉड अ‍ॅनालिस्ट, रिस्क, ट्रस्ट अँड सेफ्टी असे शब्द दिसतील.

बॉट लिहिला त्याचं फार मनावर घेऊ नका. कुतूहल आहे. पण गेमच्या नियमाने खातं कायमचं जाऊ शकतं, आणि दक्षिण कोरियात असे प्रोग्राम बनवून वाटणाऱ्याला कायद्याने तुरुंगवासही होऊ शकतो. एकही प्रोग्राम विकायचा नाही की मित्राला द्यायचा नाही, एवढं बजावून सांगा. हौस भागवायला लिचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ आहे. तिथे बॉटसाठी राजरोस वेगळं खातं मिळतं, नावापुढे तसं लिहिलेलंही असतं.

त्याच लिचेसवर दर महिन्याचे सगळे रेटेड, म्हणजे मानांकनासाठी खेळलेले, डाव फुकट उतरवून घेता येतात. एप्रिल २०१७ पासूनच्या डावांत प्रत्येक चालीनंतर घड्याळात किती वेळ उरला तेही असतं. एक महिना घ्यावा, फाइल मोठी असते म्हणून त्यातला तुकडाच. नावापुढची खूण झाकून फक्त चालींच्या वेळांवरून बॉट ओळखायचे, मग खूण उघडून बघायचं. किती बरोबर हे पहिल्या पानावर, किती माणसांना बॉट म्हटलं हे दुसऱ्या पानावर, आणि ती का चुकली याची कारणं पुढे. मला दुसऱ्या पानापासून पुढचं पाठवा, सीईटी आटोपल्यावर. तोवर गेम रात्री दहाला बंद.