वाचकांचे प्रश्न : आगमनकाळ, घरातल्या गटाने

नाताळाआधीचे चार आठवडे, म्हणजेच आगमनकाळ, एकत्र प्रार्थनेत कसे घालवावेत, याविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न येथे घेतले आहेत. तारखा २०२६च्या आहेत.

प्रश्न : आगमनकाळ नेमका केव्हा सुरू होतो? दरवर्षी तारीख बदलते, त्यामुळे बैठका ठरवताना गोंधळ होतो. (नालासोपारा)

संत आंद्रेयाचा सण ३० नोव्हेंबरला असतो. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला. म्हणजे तो २७ नोव्हेंबरच्या आधी नाही आणि ३ डिसेंबरनंतर नाही. २०२६ मध्ये रविवार येतात २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर. एकूण २६ दिवस. २०२८ मध्ये मात्र चौथा रविवार थेट २४ डिसेंबरला आहे, त्यामुळे चौथा आठवडा एका दिवसाचाच.

रविवारी मिस्सा, धर्मशिक्षणाचा वर्ग, पाहुणे असे सगळे असते. म्हणून बैठक शनिवारी संध्याकाळी ठेवा. उपासनेच्या हिशोबात रविवार आदल्या संध्याकाळीच सुरू होतो, त्यामुळे त्या रविवारची नवी मेणबत्ती (चार रविवारांच्या चार, दर आठवड्याला एक वाढते) शनिवारी लावणे चुकीचे नाही. चार बैठका पुरेत. रोज जमायचे ठरवणारे गट बहुधा दुसऱ्या आठवड्यातच विरळ होतात.

प्रश्न : आम्ही दहा-बारा जण जमतो. रोझरी, तीन वाचने, प्रवचन, गाणी, चहा यांत दोन तास जातात आणि मनन होतच नाही. बैठकीची रचना कशी असावी? (निर्मळ)

तुमच्या यादीतच उत्तर आहे: दोन गोष्टी काढा. रोझरी घरोघरी म्हणा आणि प्रवचन चर्चमध्ये ऐका. बैठकीला फक्त त्या रविवारचे शुभवर्तमान घ्या, एकच वाचन. पन्नास मिनिटांत सगळे बसते.

सुरुवातीला पाच मिनिटे: एका गीताची दोन कडवी, मेणबत्ती, छोटी प्रार्थना. मग वाचन दोनदा, दोन वेगवेगळ्या आवाजांत, मध्ये दोन मिनिटे शांतता. याला दहा मिनिटे धरा. त्यानंतर प्रत्येकाने मनात राहिलेला एक शब्द किंवा एक ओळ तेवढी म्हणायची, अर्थ सांगायचा नाही. पाच मिनिटांत फेरी पूर्ण होते. पुढची पंधरा मिनिटे बोलण्याची, प्रत्येकी दीड मिनिट, एकच फेरी. पुन्हा तीन मिनिटे शांतता. मग आठ मिनिटे विनंत्या, प्रत्येकाची एक ओळ आणि सर्वांचा प्रतिसाद: ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक.’ उरलेल्या चार मिनिटांत प्रभूची प्रार्थना आणि शेवटचे गीत. चहा त्यानंतर, आणि साधाच. करंज्या नाताळाच्या डब्यातच राहू द्या.

वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द चिंतन हा क्रम आमचा नव्हे. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या ग्विगो या कार्थुसियन मठवासीने या चार पायऱ्या लिहून ठेवल्या. आपण त्यात गटाच्या सोयीसाठी बोलण्याची फेरी घातली आहे, इतकेच.

हे बिघडते बहुतेक शांततेपाशी. किती वेळ गप्प बसायचे हे कोणी सांगितलेले नसते, मग वीस सेकंदांत कोणीतरी खाकरतो आणि गाणे सुरू करतो. ‘आता दोन मिनिटे’ असे आधी सांगा, घड्याळ एकाच्याच हाती द्या आणि शांतता त्यानेच संपवायची असे ठरवा. दुसरी अडचण निरनिराळ्या भाषांतरांची. प्रत्येक जण आपापल्या पुस्तकात नजर घालून शब्द पडताळत बसतो. मोठ्याने वाचायला एकच प्रत ठेवा, बाकीच्यांनी पुस्तके मिटून ऐकावे.

२०२६च्या आगमनकाळापासून मार्कचे वर्ष, म्हणजे रविवारी मुख्यतः मार्कचे शुभवर्तमान वाचण्याचे वर्ष, सुरू होते. पहिल्या रविवारी मार्क १३:३३-३७, दुसऱ्या रविवारी मार्क १:१-८, तिसऱ्या रविवारी योहान १:६-८ व १९-२८, चौथ्या रविवारी लूक १:२६-३८. तिसऱ्या रविवारी वाचकाने आदल्या दिवशी पेन्सिलीने खूण करून ठेवावी. नाहीतर तो आठव्या ओवीवरून सरळ नवव्या ओवीत जातो आणि योहानाच्या शुभवर्तमानाची प्रस्तावना पूर्ण वाचूनच थांबतो.

प्रश्न : एक गृहस्थ दर वेळी वीस मिनिटे बोलतात. वयाने मोठे आहेत, थांबवता येत नाही. (अहिल्यानगर)

माणसाला थांबवू नका, पद्धत बदला. बोलण्याची फेरी सर्वांत लहान व्यक्तीपासून सुरू करा आणि ज्येष्ठांकडे शेवटी या. बोलणाऱ्याच्या हाती पवित्र शास्त्र द्यायचे आणि बोलून झाले की त्याने ते शेजाऱ्याकडे द्यायचे. हातातले पुस्तक पुढे द्यायचे असले की बोलणे आपोआप आटोपते. ‘मी’ने सुरू होणारे वाक्यच बोलायचे हा नियमही उपयोगी, कारण उपदेशाची वाक्ये सहसा ‘आपण सर्वांनी’ने सुरू होतात. इतके करूनही फरक पडला नाही, तर वाचनाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवा. पुष्कळदा त्यांना हवा असतो तो मान, वेळ नव्हे.

विनंत्यांतून दुसऱ्यांच्या घरच्या बातम्या पसरू लागतात, त्यावरही लक्ष हवे. ‘एका आजारी बहिणीसाठी’ एवढे पुरते. नाव आणि आजार देवाला ठाऊक आहे.

प्रश्न : नाताळाची तयारी म्हणतो, आणि पहिल्याच रविवारी जगाच्या अंताचे वाचन! मुले विचारतात, बाळ येशू कुठे आहे? (वसई)

आगमनकाळाचे दोन भाग आहेत. १६ डिसेंबरपर्यंत भर असतो ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यावर, आणि १७ डिसेंबरपासून बेथलेहेमातल्या जन्मावर. त्यामुळे पहिला रविवार मुद्दामच अंताकडे पाहतो.

मार्कच्या त्या पाच ओव्या गटासाठी फार चांगल्या आहेत. घरधनी परगावी गेला आहे, प्रत्येक दासाला त्याचे काम नेमून दिले आहे आणि द्वारपालाला जागे राहायला सांगितले आहे. तो केव्हा परतेल? संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे? आता याच शुभवर्तमानाचा पुढचा अध्याय उघडा. संध्याकाळी शेवटचे भोजन, रात्री गेथशेमानेत झोपी गेलेले शिष्य, कोंबडा आरवताना पेत्राचा नकार, आणि पंधराव्या अध्यायाच्या आरंभी, पहाट होताच, पिलातासमोर उभा केलेला येशू. चारही प्रहर आले आणि शिष्य एकाही प्रहरी जागे नव्हते. बोलण्याच्या फेरीसाठी प्रश्न साधा ठेवा: माझ्याकडे नेमून दिलेले काम कोणते, आणि मी त्यात कुठे झोपलो आहे? मुलांना द्वारपाल होऊ द्या, बैठकीला दार उघडायचे काम त्यांचे.

प्रश्न : चार मेणबत्त्यांच्या ॲडव्हेंट रीथमध्ये (आगमनकाळाच्या हिरवळीच्या चक्रात) गुलाबी मेणबत्ती कितवी? जांभळ्या मिळत नाहीत. गेल्या वर्षी पहिली मेणबत्ती मध्येच संपली. (पुणे)

गुलाबी तिसरी, २०२६ मध्ये १३ डिसेंबरची. तो आनंदाचा रविवार. त्या दिवशी धर्मगुरूंचा झगाही गुलाबी असू शकतो. जांभळ्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्या घ्या आणि बुडाशी जांभळी फीत बांधा, ज्योतीपासून दूर. चारही एकाच रंगाच्या असल्या तरी बिघडत नाही. योहान हिन्रिख विखर्न या लुथरन पाळकाने १८३९ मध्ये हॅम्बुर्गमधल्या आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तेव्हा रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या होत्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल. आशा, शांती, आनंद, प्रीती ही मेणबत्त्यांची नावे रूढीने आली आहेत, त्यांच्या क्रमावरून वाद घालू नये.

मध्येच संपण्याचे कारण हिशोबात आहे. पहिली मेणबत्ती चारही बैठकांत जळते, चौथी एकाच. पन्नास मिनिटांची बैठक धरली तर पहिलीला तीन तास वीस मिनिटे टिकायचे असते. करंगळीएवढी बारीक मेणबत्ती तेवढी टिकत नाही. अंगठ्याएवढी जाड मेणबत्ती तासाला साधारण एक इंच उतरते, म्हणून आठ इंचांची घेतली की निश्चिंत. घरी रोजही लावणार असाल तर पहिलीची जोडी आणून ठेवा.

स्टीलच्या परातीत दोन इंच वाळू घाला, मेणबत्त्या तीत रोवा, भोवती हिरवळ. सुरूच्या फांद्या आठवड्यात वाळतात आणि ठिणगी पडताच पेटतात, म्हणून दर शनिवारी बदला. पंखा बंद ठेवा, नाहीतर मेण एका बाजूने ओघळते आणि मेणबत्ती निम्म्या वेळात संपते.

प्रश्न : आमच्या गटातले केरळी कुटुंब १ डिसेंबरपासून मांसाहार सोडते. आपणही उपवास करावा का? (कल्याण)

केरळमधल्या सिरो-मलबार या कॅथलिक परंपरेतला तो पंचवीस दिवसांचा उपवास. लॅटिन विधीच्या, म्हणजे रोमन पद्धतीने उपासना करणाऱ्या, कॅथलिकांना आगमनकाळात असे बंधन आज नाही. पूर्वी होते: ५८१च्या माकों येथील धर्मसभेने संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत सोमवार, बुधवार, शुक्रवार उपवास सांगितला होता. करायचाच तर गटाने मिळून एक दिवस ठरवा आणि वाचलेले पैसे एका डब्यात टाका. डबा कोणासाठी हे पहिल्याच बैठकीत ठरले पाहिजे. शेवटी ठरवायला गेलात तर त्याचे केक होतात.

प्रश्न : निम्मे कुटुंब मस्कतला आहे. व्हिडिओ कॉलवर एकत्र प्रार्थना जमते, पण गाणे अगदीच बेसूर होते. (विरार)

आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र गाणे कधीच जुळणार नाही. एकाने गावे, बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या घरी साथ द्यावी. प्रभूची प्रार्थनाही तशीच. मस्कत दीड तास मागे आहे: तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे साडेनऊ.

अशा कुटुंबांना १७ ते २३ डिसेंबरचे सात दिवस विशेष सोयीचे. सायंप्रार्थनेत मरियेच्या गीताआधी या दिवसांत रोज एका नावाने ख्रिस्ताला हाक मारतात: ज्ञान, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. रोज दहा मिनिटे, एक नाव, मरियेचे गीत (लूक १:४६-५५) आणि एक विनंती. लॅटिन नावांची आद्याक्षरे शेवटाकडून वाचली की ‘उद्या मी येईन’ असे वाक्य होते.

प्रश्न : गटात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही आहेत. वाचनांवरून अडचण येईल का? (सोलापूर)

२०२६ मध्ये नाही, चारही शुभवर्तमाने दोघांच्या पुस्तकांत आहेत. २०२७ मध्ये दुसऱ्या रविवारी कॅथलिकांचे पहिले वाचन बारूख ५:१-९ आहे आणि तो ग्रंथ प्रोटेस्टंट प्रतीत नसतो. त्या दिवशी मलाखी ३:१-४ घ्या. गाणी ठरवताना प्रत्येक बैठकीला एक त्यांच्या गीतसंग्रहातले, एक तुमच्यातले.