जुनी जीन्स घरच्या मशीनवर कशी आल्टर करावी? लांबी २ इंच जास्त आहे, कमरेतही सैल होते, आणि खालची मूळ शिलाई तशीच दिसायला हवी.

पायाच्या टोकाची दुमडून शिवलेली मूळ पट्टी कापू नका. वापरून, धुऊन तिच्यावर आलेली पांढरट झाक नव्या दुमडीला येत नाही.

जीन्स धुऊन वाळवा, नेहमीची चप्पल किंवा बूट घालून माप घ्या. मग मोरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, बाहेरच्या बाजूने वर दुमडा. माप मूळ पट्टीच्या वरच्या टिपेपासून दुमडीपर्यंत घ्यायचं, पट्टी त्यात धरायची नाही. आणि जेवढं कमी करायचं त्याच्या निम्मं. तुमच्या बाबतीत १ इंच. इथेच बहुतेकांचं चुकतं: पट्टीसकट मोजलं की पाय जवळपास १ इंच लांबच राहतो. बाजूच्या शिवणी एकमेकींवर नीट बसवून टाचण्या लावा आणि पट्टीला अगदी चिकटून, पण पट्टीवर न चढता, कापडाच्या रंगाच्या दोऱ्याने टीप मारा. पट्टी खाली उलटवली की जादा कापड आत जातं. घालून बघा, पटलं तरच अर्धा इंच ठेवून कापा. कड झिगझॅग करा. साधं मशीन असेल तर हाताने तिरपे टाके घाला, नाहीतर डेनिम उसवत जातं. शेवटी भरपूर वाफ देऊन इस्त्री.

मोरी निमुळती असेल तर पट्टी वरच्या घेरापेक्षा लहान पडते. पाव इंचाचा फरक टाचण्यांमध्ये वाटून जिरवता येतो. त्याहून जास्त असेल तर जीन्स उलटी करून बघा: बहुतेक जीन्सच्या पायाला एक शिवण साधी असते, दुसरीवर दुहेरी टिपा असतात. साधीतूनच घेर आत घ्या. बेलबॉटमला ही पद्धत लावू नका.

सुई १६ नंबरची, जीन्सचीच; टाका ३ मिमी. सुई मोडते ती दुहेरी शिवणीच्या गाठीवर, कारण कापड दाबून धरणारं मशीनचं फूट पुढून उचललं जातं, टाका सुटतो आणि आपण कापड ओढतो. ओढलं की सुई वाकून मशीनच्या धातूच्या प्लेटवर आपटते. त्यापेक्षा गाठ आधी हातोडीने ठोकून चपटी करा, फुटाच्या मागे त्याच जाडीची कापडाची घडी ठेवा आणि तेवढे चार-पाच टाके हाताने चाक फिरवून घाला.

कमरेला सोपा उपाय इलॅस्टिक. जीन्सच्या कमरेच्या पट्टीच्या आतल्या थरालाच, मागच्या बाजूला दोन उभ्या चिरा द्या, १ इंच रुंद इलॅस्टिक ओवा, दोन्ही टोकं ताणून पक्की शिवा. मागे चामड्याचं लेबल असेल तर आधी उसवा, त्याच्या टिपा आरपार असतात आणि इलॅस्टिक तिथेच अडतं. दीड-दोन इंचांपर्यंत हे चालतं, चुण्या बेल्टखाली झाकतात. त्याहून सैल असेल तर मागची मधली शिवण उसवावी लागते, आणि ती फार आत घेतली की दोन्ही खिसे एकमेकांना भिडतात. ते काम टेलरकडे द्या.