लिनक्समध्ये सगळं हार्डवेअर दाखवणारी एकच कमांड कोणती?

टर्मिनलमधून सगळं हार्डवेअर एका कमांडने कसं पाहायचं आणि त्यासाठी एलएसएचडब्ल्यू पुरेशी आहे का, असं तुम्ही विचारलंय. नुसती नजर टाकायची असेल तर पुरेशी आहे. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा शब्द) लावून एलएसएचडब्ल्यू -शॉर्ट द्या. इन्क्सी -एफ (कॅपिटल एफ) वाचायला त्याहून सोपी. पण यादी कशासाठी हवीय ते तुम्ही लिहिलेलं नाही. काही बिघडलंय म्हणून हवी असेल तर पुढचं वाचाच, कारण यादी समोर असूनही ती न वाचल्यामुळे माझे तीन दिवस गेलेत.

मी तेव्हा कामावर नवीन होते. एका लॅपटॉपचं वायफाय अचानक गायब झालं. आदल्याच दिवशी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झालेला, त्यामुळे आमच्या वरिष्ठांनी बघताक्षणी निकाल दिला: ड्रायव्हर गेला. मी एलएसपीसीआय -एनएनके चालवली; ती पीसीआयवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य जोडणीवर, असलेली उपकरणं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवते. ग्राफिक्स होतं, एनव्हीएमई डिस्क होती, साउंड होतं. वायफायची ओळच नव्हती. मी म्हटलं, "सर, ड्रायव्हर नसला तरी ओळ दिसायला हवी." ते म्हणाले, "ब्लूटूथ चालतंय ना? दोन्ही एकाच कार्डावर असतं. कार्ड ठणठणीत आहे, तू ड्रायव्हर टाक."

ऐकायला हे बिनतोड वाटतं. ब्लूटूथ खरंच चालत होतं, यूएसबीवरची उपकरणं दाखवणाऱ्या एलएसयूएसबीमध्ये 8087 या इंटेलच्या क्रमांकाची ओळही होती. पण त्या यादीचं नावच एलएसयूएसबी आहे! अशा एम.2 (लॅपटॉपमधल्या छोट्या स्लॉटच्या) कार्डावर वायफाय पीसीआय एक्सप्रेसवरून बोलतं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. कार्ड एकच, पण पिना वेगळ्या, रस्ते वेगळे. एक रस्ता चालू आहे म्हणून दुसराही चालू असेलच असं नाही.

आणि ओळ ड्रायव्हरवर अवलंबून का नसते? प्रत्येक पीसीआय उपकरण आपला उत्पादक क्रमांक आणि उपकरण क्रमांक स्वतःच्या कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये, म्हणजे ओळख साठवायच्या जागेत, बाळगून असतं. इंटेलचा 8086, एनव्हिडियाचा 10डीई. कर्नल बसवर (उपकरणं जोडणाऱ्या त्या रस्त्यावर) कोण कोण आहे ते विचारतो, हे क्रमांक वाचतो आणि ड्रायव्हर त्यानंतर जोडतो. एलएसपीसीआय त्या क्रमांकांवरून पीसीआय.आयडीज फाइलमधली नावं शोधून छापते, इतकंच. ड्रायव्हर नसेल तर 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ जाते, उपकरण जात नाही. उपकरणच नसेल तर ते बसवर उत्तर देत नाहीये, आणि मग जगातला कुठलाही ड्रायव्हर टाकून उपयोग नाही.

हे मी तेव्हाही सांगितलं. तरी फर्मवेअर (कार्डात भरायचं सॉफ्टवेअर) बदलून झालं, जुना कर्नल झाला, दोनदा अख्खी सिस्टीम नव्याने टाकून झाली. दुसऱ्या इन्स्टॉलेशननंतरही मी एलएसपीसीआय चालवून पाहिली होती, ओळ नव्हतीच. तिसऱ्या संध्याकाळी मी मशीन बंद करून उघडलं, बॅटरीची वायर काढली, कार्ड काढून पुन्हा नीट बसवलं. चालू केल्यावर ओळ आली आणि वायफायही आलं. दुसऱ्या दिवशी सरांचं म्हणणं: "नवीन इन्स्टॉलेशनमुळेच झालं." नाही झालं. इन्स्टॉलेशन झाल्यावर आणि मशीन उघडण्याआधी घेतलेली यादी माझ्याकडे होती. ती कुणी बघितली नाही.

म्हणून तुम्हालाही सांगते: ओळ आहे पण ड्रायव्हर नाही, तर सॉफ्टवेअर बघा. ओळच नाही, तर फॉरमॅट मारू नका. दोन्ही वेळा फॉरमॅट सुचवणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, तो कितीही अनुभवी असो.

बाकीचं थोडक्यात. रॅमच्या स्लॉटसाठी डीएमआयडीकोड -टी मेमरी. पण ती बायॉसने (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) लिहून ठेवलेला तक्ता वाचते. त्या तक्त्यातली माहिती अनेकदा अपुरी किंवा चुकीची असते, हे तिच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. 'मॅक्सिमम कपॅसिटी' वाचून रॅम मागवू नका. रॅमच्या पट्टीवरच्या चिपमधलं वाचायचं तर डीकोड-डिम्स. डिस्कचं मॉडेल एलएसबीएलके -ओ नेम,मॉडेल सांगेल, पण ती किती तास चाललीय ते स्मार्टसीटीएल -ए मध्ये कळतं. ग्राफिक्स कार्ड मंद वाटत असेल तर एलएसपीसीआय -व्हीव्ही मध्ये एलएनकेकॅप आणि एलएनकेएसटीए या दोन ओळी शेजारी ठेवून बघा: पहिली क्षमता, दुसरी आत्ता मिळणारा वेग. मात्र कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवायला वेग खाली येतो, तेव्हा कामाला लावून मगच बघा.

काही गोष्टी वरच सांगायला हव्या होत्या. बायॉसमध्ये उपकरण बंद केलेलं असेल तरी ओळ जाते, त्यामुळे लॅपटॉप उघडण्याआधी ते तपासा (मी तपासलं होतं). काही इंटेल लॅपटॉपांत वायफायचा बराचसा भाग चिपसेटमध्येच असतो, तिथे माझा किस्सा जसाच्या तसा लागू होणार नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसणारं बरंचसं हार्डवेअर मुळात नसतंच. आणि नावाच्या जागी नुसतं 'डिव्हाइस' आणि चार आकडी क्रमांक आला तर घाबरू नका, पीसीआय.आयडीज जुनी झालीय. अपडेट-पीसीआयआयडीज चालवा.