पॅकिंगची कंपनी नंतर बघा, आधी मॅनिफोल्डला पट्टी लावा

प्रश्न असा आहे: 'डिझेल पिकअप सकाळी चालू केली की टिकटिक आवाज, गरम झाली की बंद. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग वर्षात तीनदा बदललं. कोणत्या कंपनीचं टाकू?'

मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सर पाइपात सोडणारा नळ. तो इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) बसतो, मधे पॅकिंग. तीनदा गेलं ना, मग कंपनीचा दोष नाही. आणि चौथ्या वेळी कुणी 'डबल पॅकिंग टाकू, वरून लाल सिलिकॉन' म्हणालं, तर गाडी तशीच परत आणा. दोन पॅकिंगं तापून दबतात, नट सैल होतात, सिलिकॉन पोर्टच्या, म्हणजे धुराच्या भोकाच्या, तोंडाशी जळून जातं. हा उपाय सुचवणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

परवा असाच चार सिलिंडरचा मॅनिफोल्ड टेबलावर आला. जळक्या सिलिकॉनचे पोपडे खरवडून सपाटी बघायची सरळ पट्टी लावली, तर कडेच्या पोर्टवर फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) 0.40 मिमीचं पातं सरळ आत, म्हणजे मॅनिफोल्ड वाकलेला. भोकाजवळ काजळीचा काळा पंखा. तिथला स्टड (हेडमध्ये बसवलेला, नट लावायचा आट्याचा दांडा) आधीच मोडलेला. कडेचेच का मोडतात? अर्धा मीटर लांब बिडाचा मॅनिफोल्ड 500 अंश तापला की अडीच-पावणेतीन मिलिमीटर वाढतो. हेडमध्ये पाणी फिरतं, ते तेवढं वाढत नाही. रोजची ही ओढाताण कडेच्या स्टडवर येते. म्हणून मॅनिफोल्डमधली कडेच्या स्टडची भोकं मुद्दाम मोठी ठेवलेली असतात. त्यात काजळी गच्च बसली की मॅनिफोल्डला सरकायला जागाच नाही.

मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा वाकलेला निघाला तर फेसिंग मारून (मशीनवर तोंड सपाट करून) घ्या, सगळे पोर्ट एकाच सेटिंगमध्ये. मोडलेल्या स्टडच्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा, लाली गेली की मागे-पुढे करत काढा. ईझी-आउट (मोडका स्टड काढायचं उलट्या आट्याचं कडक हत्यार) आत मोडला तर ड्रिलही चालत नाही, हेड उतरवायची पाळी येते. स्टड-नट सगळे नवे. आवळताना मधून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना). 8 मिमीच्या स्टडला बहुधा 20–25 न्यूटन-मीटर असतो, पण आकडा मॅन्युअलचाच धरा.

सायलेन्सर पाइपचा ब्रॅकेट तुटलाय का ते बघाच. तो नसला तर पाइपचं सगळं वजन आणि हिसके मॅनिफोल्डवर. चढ चढून आल्यावर दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा.

हो, एक राहिलं. इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) बुडातून गळती असली तरी टिकटिक अशीच येते. तुमचा आवाज गरम झाल्यावर जातो, म्हणजे तापून वाढल्यावर फट बुजते, म्हणून मी मॅनिफोल्ड धरला. तरी खोलण्याआधी चालू इंजिनवर इंजेक्टरभोवती साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर आधी तिथला तांब्याचा वॉशर बदला.