घेतलेले वेध आणि लागलेले वेध

प्रश्न असा आहे: "बातमीत 'शास्त्रज्ञांनी लघुग्रहाचे वेध घेतले' असं वाचलं. वेध तर ग्रहणाचे लागतात, त्यात जेवत नाहीत. इथे सरळ 'निरीक्षण केलं' म्हणायला नको का?"

नको. बातमीदाराने नेमका शब्द वापरला आहे, आणि असं रोज घडत नाही.

वेध हा संस्कृत 'व्यध्' धातूचा, अर्थ टोचणे, भेदणे. कान टोचण्याचा संस्कार तो कर्णवेध, बाण लागलेला तो शरविद्ध, आणि नेम धरून मारणारा तो व्याध. हा व्याध तर आकाशातच बसला आहे. थंडीत जेवणं उरकून गच्चीवर गेलात की मृगाच्या पोटात ओळीने तीन तारे दिसतील. तो बाण. ती ओळ आग्नेयेकडे लांबवा, लखलखणारा व्याध सापडतो.

खगोलशास्त्रातला वेधही असाच नेम धरून घ्यायचा. अमुक तारा अमुक क्षणी अमुक जागी होता, एवढं टिपून ठेवायचं. म्हणून वेधशाळा. उज्जैनला सवाई जयसिंहाने १८व्या शतकात बांधलेली यंत्रं जिथे आहेत, त्या जागेचं नाव आजही वेधशाळाच आहे. (आपल्याकडे वेधशाळा म्हटलं की पाऊस आठवतो, तोही तिने सांगितलेला आणि न पडलेला.)

निरीक्षण म्हणजे नीट पाहणं. त्यात नोंद असेलच असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता, तेव्हा आम्ही सात-आठ जण गंगापूर धरणाच्या काठी दुर्बीण घेऊन बसलो होतो. पाण्यावरचा उजेड विझला आणि क्षितिजापासून थोडी वर, पुसट खडूने ओढावी तशी रेघ दिसली. तासभर पाहिलं, भडंग संपवलं, घरी आलो. हे निरीक्षण. आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराने मात्र वहीत आजूबाजूचे तारे ठिपक्यांनी मांडले, मध्ये धूमकेतूचं डोकं दाखवलं आणि कडेला घड्याळात पाहून वेळ लिहिली. ओबडधोबड का असेना, वेध त्या एकट्याने घेतला.

लघुग्रहाच्या बाबतीत तर वेधाशिवाय गत्यंतर नाही, कारण दुर्बिणीतून तो ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. आकाशाच्या त्याच तुकड्याची थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रं घ्यायची. तारे जागच्या जागी राहतात, एक ठिपका सरकतो. त्याच्या जागा आणि वेळा मांडून कक्षा काढतात. वेध थोडे असले तर कक्षा ढोबळ येते. २०२४ वायआर४ हा लघुग्रह डिसेंबर २०२४ मध्ये सापडला. २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली, आणि पुढचे वेध हाती आल्यावर त्याच महिन्यात नगण्य झाली. लघुग्रहाने वाट बदलली नव्हती. आपला नेम सुधारला होता.

आता ग्रहण. ७ सप्टेंबर २०२५च्या चंद्रग्रहणाचा स्पर्श, म्हणजे सुरुवात, रात्री दहाच्या सुमारास होता, पण वेध दुपारीच लागले. धर्मशास्त्रात चंद्रग्रहणाला तीन प्रहर (प्रहर म्हणजे तीन तास) आधी आणि सूर्यग्रहणाला चार प्रहर आधी वेध सांगितले आहेत. शब्द तोच, दिशा उलटी. वेध घेताना टोचणारे आपण. वेध लागतात तेव्हा टोचलं जातं आपल्याला, आणि तेही गोष्ट घडायच्या आधीच. 'मुलांना सुट्टीचे वेध लागले' ते यातूनच. नाशिकला तर २०२७च्या सिंहस्थाचे वेध कधीचेच लागले आहेत. रस्ते खोदलेले दिसतातच.

व्याकरणात एक बारकावा आहे. 'लागणे'बरोबर वेध नेहमी अनेकवचनी येतात. 'घेणे'बरोबर मोजून: एकदा नेम धरला तर वेध घेतला, दहा रात्री धरला तर वेध घेतले. त्यामुळे 'धूमकेतूचे वेध घेतले' हे वहीवाल्या पोराचं वाक्य, आणि 'धूमकेतूचे वेध लागले' हे धरणावर जायच्या आदल्या दिवशीचं आम्हा सगळ्यांचं.

एक तक्रार मात्र आहेच. 'मराठी रंगभूमीचा वेध', 'बदलत्या शहराचा वेध' अशी व्याख्यानांची शीर्षकं हल्ली उठसूट दिसतात. वक्ते दीड तास बोलतात, पण एकही साल सांगत नाहीत. तिथे खुशाल निरीक्षण म्हणा.