मागे राहील त्याच्यासाठी घर

नौपाडा, ठाणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आईबाबांनी निवृत्तीनंतर कुठे राहावं याचा तू पाठवलेला तक्ता मी नीट वाचला. हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, कर्नाटक, केरळ अशी पाच राज्यं आणि प्रत्येकापुढे हवा, खर्च, उन्हाळ्यातलं तापमान, इंटरनेट, विमानतळाचं अंतर. मेहनत घेतली आहेस. पण एक रकाना त्यात नाही, आणि तो नसेल तर बाकीच्यांना माझ्या लेखी किंमत नाही. दोघांपैकी एक जण गेल्यावर दुसऱ्याला तिथे एकट्यानं राहता येईल का?

बाबा मे महिन्यात निवृत्त होतायत. हिमाचलात पालमपूरजवळ, धौलाधारच्या डोंगररांगेसमोर, चहाच्या मळ्यांत घर हे त्यांचं जुनं स्वप्न. आई काहीच बोलत नाही. आणि तू मला विचारतोस की जाऊ नका म्हटलं तर मी स्वार्थी ठरेन का, आणि जा म्हटलं तर त्यांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल का. या प्रश्नात मला रस नाही. तू कसा आहेस ते मला ठाऊक आहे. घोडबंदर रोडच्या गर्दीत रोज अडकणाऱ्या घरातल्या माणसांना शांतता का हवीशी वाटते, हेही मला कुणी समजावायला नको. बाबांनी उभा जन्म लोकलच्या दरवाजात काढला. आता त्यांना डोंगर बघत चहा प्यायचा असेल तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी जावं. पण जागा दोघांसाठी निवडू नका. मागे राहील त्या एकासाठी निवडा.

हे घरात कुणी बोलत नाही, कारण अशुभ वाटतं. निवृत्तीच्या आनंदात असलेल्या नवऱ्याला बायको कशी विचारणार, की तुमच्या पश्चात मी इथे काय करू? आई गप्प आहे ती त्यामुळेच, असा माझा अंदाज आहे. ती रुसली आहे असं बाबा समजतात, ती तयार आहे असं तू समजतोस. तिला कुणी विचारलंय का?

ती लग्न होऊन मिरजेहून ठाण्यात आली तेव्हा तिला इथे कुणी ओळखत नव्हतं. आज जांभळी नाक्यावरचा भाजीवाला तिच्यासाठी कोवळी भेंडी बाजूला काढून ठेवतो. मराठी ग्रंथसंग्रहालयात तिची नेहमीची फेरी असते. तलावपाळीवर संध्याकाळी दिसली नाही, तर फोन करून चौकशी करणाऱ्या बायका आहेत. हे सगळं तिनं एकटीनं जोडलं आणि त्याला अर्धी हयात लागली. आता साठीच्या उंबरठ्यावर तुम्ही तिला तेच पुन्हा करायला सांगताय. सांगा, पण निदान जिथे ते करायचं तिथे माणसं चालत जायच्या अंतरावर आहेत का, एवढं तरी बघा. ती गाडी चालवत नाही. हिंदी तिला कामापुरती येते. अंगात ताप असताना, रात्री घाबरलेली असताना, कामापुरती हिंदी पुरत नाही रे.

आणि हे एकट्या आईपुरतं नाही. बायका बहुधा वयानं लहान असतात आणि जगतातही जास्त, म्हणून मागे राहायची पाळी त्यांच्यावरच अधिक येते. पण उलट झालं तर? बाबांना कुकर लावता येतो का? स्वतःच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात हे त्यांना माहीत आहे का? रस्त्यापासून घरापर्यंतच्या चढावर सिलिंडर कोण नेणार? ठाण्यात एकट्या पुरुषाला पोळीभाजी देणारी बाई गल्लोगल्ली मिळते. डोंगरधारेवरच्या वाडीत ती कुठून आणायची? मागे कोण राहील ते आज कुणालाच सांगता येत नाही, म्हणून दोघांनाही एकेकटं धरूनच जागा पारखायची.

मी हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. आमच्या ह्यांना उत्तराखंडच्या डोंगरातल्या कौसानीला राहायचं होतं. 1929 साली गांधीजी तिथे राहिले होते, तो अनासक्ती आश्रम आणि समोर त्रिशूळ, नंदादेवी, पंचाचूलीची रांग. आम्ही पाहून आलो आणि ह्यांनी जमिनीची चौकशीही सुरू केली. मी नाही म्हटलं. मी देहरादून म्हटलं. फ्लॅट, लिफ्ट, रुग्णालय रिक्षानं जाण्याइतकं जवळ, रेल्वे स्टेशन गावातच. ह्यांचं म्हणणं असं, की इतक्या लांब येऊन पुन्हा लिफ्टच्या इमारतीत राहायचं तर ठाणं काय वाईट होतं? त्यांचं दुःख खरं होतं. रोज सकाळी गच्चीत जाऊन मसुरीच्या डोंगराकडे बघत उभे राहायचे. मी चहा घेऊन वर गेले तरी बोलायचे नाहीत.

पुढे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. आम्ही वेळेत पोचलो. कौसानीहून पायथ्याच्या हल्द्वानीला उतरण्यातच ती वेळ निघून गेली असती, तीही रस्ता उघडा असता तर. त्यानंतर ते पुन्हा चालले, बोलले, नातवाला स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. आणि ते गेले तेव्हा त्या परक्या शहरात मी एकटी राहू शकले. बँकेत पायी जात होते. खातं दोघांच्या नावावर होतं, पेन्शनच्या कागदावर माझं नाव आणि जन्मतारीख बरोबर होती, म्हणून कुटुंब निवृत्तिवेतनाचे अर्ज मी माझे मी भरले. समोरच्या बिऱ्हाडातल्या पंजाबी बाई रोज सकाळी दार वाजवून जायच्या. ठाण्याला परत कधी यायचं हे मी ठरवलं. कुणी मला सामानासारखं उचलून आणलं नाही.

माझ्या नणंदेला हे अजून पटलेलं नाही. भावाला तू त्याचा डोंगर दिला नाहीस, असं ती दर दिवाळीला ऐकवते. त्या डोंगरावर मी एकटी पहिला हिवाळा कसा काढला असता, एवढंच मी तिला विचारते. त्याचं उत्तर तिच्याकडे नसतं. मला खंत आहे ती निराळीच. झटक्यानंतर ह्यांनी, एकदा कौसानीला घेऊन चल, असं म्हटलं होतं. पाऊस ओसरू दे, थंडी सरू दे, असं करता करता राहून गेलं. ते मला अजून टोचतं. घराचा निर्णय मात्र उद्या पुन्हा घ्यायची वेळ आली तरी मी तोच घेईन, आणि नणंदेसमोर घेईन. डोंगर बघायला वर्षातले दोन महिने भाड्याच्या खोलीत राहता येतं. म्हातारपण काढायची जागाही तीच असायला हवी, हा हट्ट मला कधीच कळला नाही.

आता तुझी राज्यं याच रकान्यातून बघू.

हिमाचलात बाबांना जमीन सहजासहजी घेताच येणार नाही. तिथल्या 1972 च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचं कलम 118 असं आहे, की हिमाचलचा शेतकरी नसलेल्याला राज्य सरकारच्या परवानगीवाचून जमीन घेता येत नाही. मग एखादा दलाल सुचवेल, इथल्या माणसाच्या नावावर घेऊ, आपसात कागद करून ठेवू. तिथून त्याच क्षणी उठून या. बाबा असेपर्यंत तो माणूस मित्रासारखा वागेलही. त्यांच्या पश्चात आईच्या हातात काय राहील? बेनामी व्यवहार हा गुन्हा आहे, ती दाद मागायला जाणार कुठे? शिवाय 4 एप्रिल 1905 च्या भूकंपात ज्या कांगडा खोऱ्यात सुमारे 20,000 माणसं गेली, त्याच खोऱ्यात पालमपूर आहे. घर कुणी आणि कसं बांधलंय हे न विचारता नुसती खिडकीतली बर्फाची शिखरं बघून हो म्हणायचं? जमेची बाजूही सांगते. टांड्याचं सरकारी मेडिकल कॉलेज त्या भागात आहे. पालमपूर गावातच, बाजाराला लागून, भाड्यानं घर घेणार असाल तर माझी हरकत नाही. गावाबाहेरच्या मळ्याला आहे, आणि राहील.

उत्तराखंडात नगरपालिकेच्या हद्दीबाहेर बाहेरच्या माणसाला घरासाठी 250 चौरस मीटरपर्यंतच जमीन घेता येते. 2025 च्या दुरुस्तीनं हरिद्वार आणि ऊधमसिंह नगर सोडून बाकी जिल्ह्यांतली शेतजमीन आपल्यासारख्यांना बंदच झाली. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळी आहे. तिथल्या सरकारला 2017 साली पलायन आयोग नेमावा लागला. दवाखाना नाही, शाळा नाही, काम नाही, म्हणून तिथे जन्मलेली माणसं डोंगर सोडून खाली येतात आणि 700 हून जास्त गावं ओस पडल्याचं त्या आयोगानंच नोंदवलं. रस्ता न पोचलेल्या गावांतून आजारी माणसाला अजूनही डंडीत घालून खांद्यावरून खाली आणतात. डंडी उचलायला घरची चार माणसं लागतात. आईकडे तिथे कोण असेल? जोशीमठात जानेवारी 2023 मध्ये घरांना भेगा पडल्या तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांपैकी काहींना तरी नातेवाइकांकडे जाता आलं. आपलं तिथे कोण आहे, हे आधी ठरव आणि मग हवेच्या शुद्धतेचे आकडे मला दाखव.

सिक्कीम खोडून टाक. तिथले जमिनीचे जुने कायदे घटनेच्या कलम 371 एफ नं राखलेले आहेत, बाहेरच्याला घर विकत मिळणार नाही.

केरळबद्दल तू फक्त दमट हवा आणि पाऊस लिहिलं आहेस. त्या राज्यानं 2008 साली, देशात सगळ्यांच्या आधी, परिहार सेवेचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं, धोरण केलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी परिचारिका आणि गावातले स्वयंसेवक जातात, जखमेची पट्टी बदलतात, चार शब्द बोलतात. मागे राहणाऱ्यासाठी एवढी व्यवस्था देशात फार थोड्या ठिकाणी आहे. अडचण भाषेची. मल्याळम आईला या वयात येईल का, हे तिलाच विचार. कदाचित ती हो म्हणेल, मला सांगता येत नाही.

कर्नाटकात 2020 पासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, म्हणून तू कॉफीचे मळे लिहिलेस. पुन्हा मळाच! अरे, धारवाड का नाही लिहिलंस? मिरजेहून बेळगावमार्गे थेट रेल्वे जाते, आईचं माहेर त्याच वाटेवर. मराठी बोललेलं तिथे कळतं, गाणं तिथल्या मातीत आहे, गाव चढउताराचं असलं तरी पायी फिरण्याजोगं. बर्फ दिसत नाही, हे बाबांचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. बर्फ बाबांना हवा आहे. आईला काय हवंय, हे तुझ्या सबंध तक्त्यात कुठेही नाही, आणि मला खरा राग त्याचाच आहे.

ठाण्याचा फ्लॅट विकू नका. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून आत्ताच भाव चांगला येतोय, हे बाबांनी मलाही सांगितलं. येऊ दे. तो फ्लॅट मागे राहणाऱ्याची परतीची वाट आहे. लिव्ह अँड लायसन्सवर द्या, त्या भाड्यातून तिकडचं भाडं भरा. पुढे-मागे तिकडे काही विकत घेतलंच, तर पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावावर. नॉमिनी लावलं की झालं, असं समजू नका. नॉमिनी वारसांच्या वतीनं सांभाळतो, त्यानं तो मालक होत नाही. दोघांनी आपापलं मृत्युपत्र करायचं, नाहीतर परक्या तहसिलीत दाखिल-खारिजसाठी, म्हणजे आपल्याकडच्या फेरफारासाठी, आईला एकटीनं खेटे घालावे लागतील. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून निघतो. तो आईनं स्वतः एकदा काढून बघावा, तू शेजारी बसून काढून देऊ नकोस.

आणि घर ठरवण्याआधी एक करा. जुलैत जा, जेव्हा दरडी कोसळतात आणि वीज जाते. महिनाभर भाड्यानं राहा. त्यातले आठ दिवस बाबांनी ठाण्याला यावं आणि आईनं तिथे एकटीनं राहावं. तू तिला दिवसातून दहा फोन करायचे नाहीत. दूध कुठून आणते, डॉक्टरकडे कशी जाते, रात्री कुणाला हाक मारते, हे तिचं तिला करू दे. नंतरचे आठ दिवस ती ठाण्याला येईल आणि बाबा एकटे राहतील. बाबा याला चिडतील. चिडू देत. माझ्या नावावर घाल, काकूंनी सांगितलंय म्हण. त्यांच्याशी भांडायला मी समर्थ आहे, आमची ओळख तुझ्या जन्माआधीची आहे.

येत्या रविवारी सकाळी आईला घेऊन माझ्याकडे ये, बाबांना दुपारी जेवायला बोलावू. तोपर्यंत तक्त्यात नवीन रकाना घाल आणि तो तू भरू नकोस, आईला भरू दे. छापून आण, अक्षर मोठं ठेव, मला मोबाईलवर वाचवत नाही.

तुझी,
काकू