शनिवारचं सोडा, रविवार सकाळचं बोला

प्रश्न : दादा, आम्ही कॉलेजच्या सहा मैत्रिणी, सगळ्या चाळिशीच्या आगेमागे. जुलैतल्या एका वीकेंडला पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचं ठरलंय, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलंय, बूट अजून कुणीच घेतलेले नाहीत. रोज चार-पाच किमी चालतो आम्ही, फक्त एकीचा गुडघा कुरकुरतो. जमेल का? आणि मोठ्या मोहिमेबरोबर जावं की आपलं आपण?

उत्तर : जमेल हो ताई, पण रोजच्या चार-पाच किमीच्या भरवशावर नाही. पन्हाळ्यावरून राजदिंडीच्या वाटेने उतरलात की पावनखिंडीपर्यंत ५० किमीच्या आसपास चाल आहे. चढ फार अंगावर येणारा नाही, म्हणूनच लोक फसतात. म्हाळुंगे, मग मसाई पठार, तिथे धुकं आणि वारा असा की पुढची मैत्रीण दहा पावलांवर दिसेनाशी होते, मग कुंभारवाडी, खोतवाडी, मधे ओढे, जंगलाचे तुकडे, भातखाचरांचे बांध, आणि सगळीकडे तो लाल चिखल जो बुटाला चिकटला की बूट दुप्पट जड.

शनिवारी सगळे जोरात असतात, गप्पा, घोषणा, फोटो. संध्याकाळी करपेवाडी किंवा आंबेवाडीत कुणाच्या तरी घरी गरम भात-आमटी खाऊन आडवं होईपर्यंत सगळं छान वाटतं. खरी परीक्षा रविवारी सकाळी सहाला, जेव्हा कालचे ओलेकच्च बूट परत पायात घालायचे असतात आणि बसल्या जागेवरून उठताना आईगं निघतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कोरे करकरीत बूट घालून गेलो होतो, रविवारी दोन्ही टाचा सोललेल्या आणि उरलेली वाट मी कशी चाललो ते विचारू नका.

म्हणून प्रॅक्टिस अशी करा की लागोपाठ दोन दिवस चालायचं. शनिवारी १५ किमी, रविवारी परत १५, त्यातला एक दिवस मुद्दाम भिजून, तेच बूट, तीच सॅक. असे तीन-चार वीकेंड तरी जाऊ द्या. नखं दोन दिवस आधी कापा, बोटांमधे व्हॅसलीन लावा, रात्रीसाठी कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि काहीही झालं तरी ते दिवसा घालू नका. वॉटरप्रूफ बुटांवर पैसे घालवू नका, ओढ्यात वरूनच पाणी शिरतं आणि मग बाहेर येत नाही. साधे चांगल्या ग्रिपचे, पाणी निथळून जाणारे बूट बरे. पोंचो वाऱ्यात उडतो, त्यापेक्षा जॅकेट.

गुडघेवालीचं काय, तर आधी डॉक्टरला विचारा. गुडघा चढापेक्षा उतारावर जास्त बोलतो, काठी हवीच. आणि तिला सगळ्यांच्या मागे ठेवू नका, पुढे ठेवा, तिच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं. मागे राहिलेला माणूस पोचतो तेव्हा पुढच्यांची विश्रांती संपलेली असते, त्या बिचारीला बसायलाच मिळत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक ट्रेकला बघतो मी. नाहीतर तिला सरळ रविवारीच सामील करून घ्या, मुक्कामाच्या वाडीपर्यंत गाडी येते का ते आधी फोनवर विचारायचं. कमीपणा कसला त्यात.

मोहिमेचं म्हणाल तर १२-१३ जुलैच्या आसपास शेकडो लोक असतात. १६६० साली याच दिवसांत महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, अडवून धरली, त्यामुळे त्या तारखांना चालण्यात एक वेगळंच काहीतरी आहे, मान्य. जेवणाची, सामानाच्या टेम्पोची सोयही होते. पण एवढ्या पायांनी वाटेचा पार राडा होतो, घसरगुंडी. पहिल्यांदाच जाताय तर मोहीम चालेल, नाहीतर पुढेमागे एखादा वीकेंड धरा आणि गावातला एक वाटाड्या घ्या, धुक्यात पठारावर वाट चुकणं अगदी सोपं आहे. लावणीचे दिवस असतात, तेव्हा बांधावरूनच चाला, रोपांत पाय नको.

हो, आणि खिंडीपाशी परतीची जीप आधीच सांगून ठेवा. तिथे पोचल्यावर गाडी शोधायची ताकद कुणात नसते.

प्रश्न : जळवांची भयंकर भीती वाटते. काही उपाय?

उत्तर : लागणार त्या, मोज्यातून पण. ओढून काढू नका, मीठ टाकलं की सुटते, नाहीतर नख आडवं सरकवून तोंड सोडवायचं. नंतर बराच वेळ रक्त येत राहतं कारण तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही, घाबरू नका, जखम धुऊन दाबून धरा. दोन-तीन दिवस खाजेल. आमच्यातला एक जण जळू दिसली की किंचाळायचा, तो आता दरवर्षी जातो आणि अजूनही किंचाळतो.